तापाची वाट पाहणारा माणूस

नर्सच्या नोकरीत अंगात मुरलेली पहिली सवय म्हणजे घरी आलं की आधी हात धुवायचे. चप्पल, पर्स, फोन, सगळं नंतर. लोणावळ्यातल्या एका लहानशा खासगी दवाखान्यात मला नोकरी लागली आणि तुंगार्लीत एका घराची माडीवरची खोली भाड्यानं मिळाली. पहिल्याच संध्याकाळी या सवयीवरून माझं घरमालकांशी वाजलं. मी अंगणातल्या नळाकडे वळले, तर ते चहाचा कप घेऊन मध्ये उभे.

"हात मागनं धुवा, सिस्टर. आदी च्या घ्या."

"भाऊ, दवाखान्यातून आलेय. दिवसभर सर्दी-खोकला आणि तापाचेच पेशंट होते."

"म्हनून तर म्हनतोय," असं म्हणून त्यांनी कप माझ्या हातात कोंबला आणि ओटीवर त्यांच्या मुलाशेजारी बसायची खूण केली.

मी दोन घोटांत चहा संपवला, माडीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि नळाच्या पाण्यावर डोळा ठेवणारा घरमालक नशिबी आला म्हणून कपाळाला हात लावला. पाण्याचा असा कंजूष मी पाहिला नव्हता.

सगळी आळी त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. देहूरोडला लष्कराच्या डेपोत स्टोअरवर त्यांची उभी हयात गेलेली. चालण्यात अजून ती शिस्त होती, बोलण्यात मात्र मावळातलं गाव जसंच्या तसं राहिलं होतं. बारीक कापलेले पांढरे केस, बाह्या दुमडलेला जुना खाकी शर्ट. इतरांच्या खिशाला पेन असतं, भाऊंच्या खिशाला थर्मामीटर. आळीत कुणी शिंकलं की त्यांचा हात तिकडे जायचा.

कुणाला ताप आला की भाऊ हजर. आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, कपाळावर हात ठेवायचे, त्याच्याच तांब्यातलं पाणी प्यायचे. लांब बसा, तुम्हाला लागेल, असं कुणी म्हटलं की ते आणखी जवळ सरकायचे. समोरच्या काकू मला म्हणाल्या, "असा जीव लावणारा माणूस आता मिळायचा नाही हो. सख्खे लांब पळतात." मीही मान डोलावली. पाण्याला कंजूष असले तरी मनानं मोठे आहेत, अशी मी माझी समजूत करून घेतली.

घरात दुसरं माणूस एकच, त्यांचा मुलगा. विशी ओलांडलेला, बापापेक्षा थोराड. भाऊ त्याला 'आमचं सायेब' म्हणायचे. आपणही साहेबच म्हणू. साहेबांना ऑटिझम होता, मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात ते. ते बोलत नसत, कुणाच्या डोळ्यांत बघत नसत. ओटीवर खांबाला पाठ लावून बसायचे आणि वर्तमानपत्राच्या सरळ, बारीक पट्ट्या फाडत राहायचे. पट्टी मनासारखी फाटली की घशातून 'हं' असा आवाज यायचा. लहानपणी त्यांना फिट यायच्या, त्याच्या गोळ्या अजून चालू होत्या.

या पट्ट्यांसाठी भाऊ तीन वर्तमानपत्रं घ्यायचे. पण पान हातात देण्याआधी ते पूर्ण वाचून दाखवायचे, अगदी निविदा आणि श्रद्धांजल्यांसकट. "वाचल्याबिगर फाडायचं न्हाई, असा आमचा कायदा हाय," ते मला म्हणाले होते. साहेब हात पुढे करून थांबलेले असायचे आणि भाऊ कुठल्या तरी बाजार समितीच्या निवडणुकीचा निकाल शेवटच्या उमेदवारापर्यंत वाचत असायचे.

वर्तमानपत्रं संपली की स्वतःचं. माझ्या खोलीची जमीन फळ्यांची, त्यामुळे खालचं सगळं ऐकू यायचं. "सायेब, आता कांदा चिरतोय बघा. लय झोंबतोय." "सायेब, शनिवार हाय, मुंबईच्या गाड्यांनी रस्ता तुंबलाय, आपुन काय भायेर जायाचं न्हाई." "सायेब, त्या पल्याडच्या आळीतला म्हातारा गेला. चांगला व्हता." उत्तर कधीच यायचं नाही. तरी एखाद्यानं उत्तर दिल्यावर थांबावं तसे ते मध्ये थांबायचे आणि मग पुढे सुरू व्हायचे. पहिले काही दिवस मला ते ऐकवत नसे. मीही एकटी राहणारी बाई, भिंतीशी बोलायची वेळ माझ्यावरही आलेली होती, म्हणून असेल.

दिवेलागणीला मात्र भाऊंचा आवाज एकदम खाली जायचा. दिवा लावून झाला की मुलाजवळ बसून ते काहीतरी पुटपुटायचे, रोज तेवढंच, थोडंसं. देवाचं म्हणत असतील, असं मला वाटायचं.

बायको आंदर मावळात तिच्या माहेरी असते, एवढंच आळीला माहीत होतं. अधूनमधून दुधाच्या गाडीतून तांदळाचं पोतं यायचं. गाडीवाला ते दाराशी उतरवायचा आणि म्हणायचा, "मावशीनं धाडलंय." भाऊ मान हलवायचे. तो तांदूळ ते फक्त मुलासाठी शिजवायचे, स्वतः भाकरी खायचे. पोतं रिकामं झालं की धुऊन, वाळवून, घडी घालून परत पाठवायचे. पोत्याबरोबर निरोप येत नसे आणि जातही नसे.

भाऊंचं खरं प्रकरण मला कळलं ते लसीमुळे. सरकारी आरोग्य केंद्रात माझी एक मैत्रीण होती. ती एकदा हसत हसत म्हणाली, "तुझ्या घरमालकाचं डोकं ठिकाणावर आहे ना गं? परवा मुलाला घेऊन आले आणि विचारतात, एखादी लस उरलीय का. कसली म्हटलं, तर म्हणाले, कसलीबी चालंल, जिच्यानं ताप येतो ती द्या." करोनाच्या लशीच्या वेळी लोक तिच्या टीमला बघून शेतात पळत होते, तेव्हा हे मुलाचा हात धरून रांगेत पहिले उभे होते म्हणे. दुसरा डोस मुदतीच्या आधीच मागायला आले, आणि तिसऱ्यासाठी तर तिनं त्यांना हात जोडून परत पाठवलं.

त्या संध्याकाळी मी सरळ विचारलं. भाऊ तांदूळ निवडत होते. ताट बाजूला सारून त्यांनी आधी ओटीवर मुलाकडे पाहिलं आणि मग सांगितलं.

साहेब सहा वर्षांचे असताना त्यांना सडकून ताप आला. तोवर तोंडातून एक शब्द निघालेला नव्हता. तिन्हीसांजेला भाऊंनी दिवा लावला आणि पोरगं मान वळवून बापाकडे बघत म्हणालं, "बाबा, दिवा नको."

"मी दिवा घालवला," भाऊ म्हणाले. "हिला हाक मारली. अंधारातच आमी दोगं त्याच्यासंगं बोलत बसलो. पानी दे म्हनाला. पाय दुखत्यात म्हनाला. माज्याकडं असं सरळ बगितलं, सिस्टर, तुमी बगताय ना तसं. सकाळी ताप उतरला. मी म्हनलं, बाळा, पानी देऊ का? तर पुना भिंतीकडं तोंड."

त्यानंतर जेव्हा जेव्हा ताप आला, तेव्हा थोडा वेळ का होईना साहेब आले. कधी एखादं वाक्य, कधी नुसती नजर. एका तापात बापाच्या डोक्याला हात लावून म्हणाले, "केस पांढरे झाले." लोक म्हणत, तापात बरळतोय. गावातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. शेवटी पुण्यातल्या एका डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुम्ही म्हणता ते खोटं नाही, काही मुलांत तापात असं होतं, इतर आईबापांनीही सांगितलंय. का होतं ते अजून नीट कळलेलं नाही.

"तवापासनं मी तापाची वाट बगतो," भाऊ म्हणाले.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आजाऱ्यांच्या उशाशी बसणं, त्यांच्या तांब्यातलं पाणी, आदी च्या आन मागनं हात. माझं डोकंच फिरलं.

"म्हणजे माझ्या हातांवरून तुम्ही मुलासाठी आजार घरात आणताय?"

"आजार न्हाई. ताप."

"ताप काय सुटा मिळतो, भाऊ? त्याच्याबरोबर न्यूमोनिया आला तर? ताप चढून फिट आली आणि थांबलीच नाही तर? कुठं धावणार आहात?"

करोनाच्या वेळी दार लावून बसलो होतो, एवढंच म्हणाले, त्या तापाची आपल्यालाही भीती वाटली होती. मी बोलायचं ते बोलून घेतलं. अडाणी म्हटलं, स्वार्थी म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ताट पुन्हा मांडीवर ओढलं.

"मला त्याला एकच इचारायचंय," तांदळातला खडा काढता काढता ते म्हणाले. "ताप नसतो तवा मी एवडं बोलतो, ते त्याच्यापत्तूर पोचतं का? बास. येवडंच."

"मग इतक्या तापांत विचारलं का नाहीत?"

"येळ लय थोडा असतो. तो काय बोलंल ते ऐकावं वाटतं, आपुन मदी बोलू ने वाटतं." मग खडा बाहेर फेकून म्हणाले, "आन न्हाई म्हनला तर? मंग उद्यापासनं मी काय करू?"

माझा राग मात्र गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी अंगणातल्या नळावर हात खसाखसा धुवून, त्यांच्या डोळ्यांदेखत, मगच कप घ्यायला लागले. तेही बघून न बघितल्यासारखं करायचे.

साहेबांना ताप आला की आळीला ते भाऊंच्या शर्टावरून कळायचं. एरवी आठ-आठ दिवस दाढी न करणारा माणूस गुळगुळीत दाढी करून, केसांना पाणी लावून, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मेडिकलच्या दुकानात दिसायचा. काकूंना वाटायचं, देवळात नवस बोलायला निघाले असतील. मी विचारलं तेव्हा भाऊ लाजले. "कवा तरी बगनार माज्याकडं. मंग नीट बगू दे की."

असा एक ताप माझ्यासमोर आला. मी गोळी घेऊन खाली आले, तर शर्टाची बटणं लावत भाऊ दारातच आडवे. "अर्दा तास द्या, सिस्टर. आताच बगाय लागलाय." मी त्यांना ढकलून आत गेले. साहेब खरंच बघत होते, आधी बापाकडे आणि मग माझ्याकडे, एखाद्या नव्या गावात उतरलेल्या माणसासारखे. माझाही हात क्षणभर थांबला, खोटं कशाला बोलू. पण फिटचा पेशंट तो. मी गोळी दिली, कपाळावर ओली पट्टी ठेवली. भाऊ माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. चहाचा कप पायरीवर ठेवलेला असायचा, तेवढाच.

बोलणं पुन्हा सुरू झालं ते आमच्या दवाखान्यात आलेल्या एका मुलीमुळे. पवन मावळातली, कॉलेजात जाणारी चांगली हुशार पोर. अचानक किंचाळायला लागली, घरच्यांना ओळखेना, हातपाय वेडेवाकडे होऊ लागले. घरच्यांनी आधी देवऋषी केला. मग आमच्याकडे आणली आणि आमच्या डॉक्टरांनी तिला पुण्याला धाडलं. तिथं कळलं की हे वेड नाही, बाहेरचंही काही नाही. शरीराला आजारापासून राखणारी जी प्रतिकारशक्ती असते, तिनंच चुकून तिच्या मेंदूवर हल्ला केला होता. त्यावर औषधं होती. ती पोर काही महिन्यांनी स्वतःच्या पायांनी चालत आम्हाला पेढे द्यायला आली. मी भाऊंना हे सांगितलं आणि ते उठून उभेच राहिले.

"म्हंजे पहारेकऱ्यानंच मारलं म्हना की! डेपोचा पहारा आपल्याच मानसावर बंदूक रोखतो, तसं?"

"तसंच काहीसं."

"मंग आमच्याबी सायेबांचा पहारेकरीच बावळट असंल. आपल्याच घरच्याला आत सोडत न्हाई. भायेर कायतरी गडबड झाली, ताप आला, की गेट उगडतो." ही उपमा त्यांना इतकी आवडली की पुढे येईल त्याला ते ती ऐकवत राहिले.

त्यांनी त्या मुलीचं गाव शोधून काढलं आणि तिला भेटून आले. तिच्यासमोर बसून एकच विचारलं, "बाई, तू तसली पडली व्हतीस तवा घरचे बोलत व्हते, ते तुला ऐकू यायचं का?" ती पोर म्हणाली, "काय आठवत न्हाई, काका." भाऊ परत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. त्या दिवशी खालून वर्तमानपत्र वाचल्याचा आवाज आला नाही. साहेब हात पुढे करून बसले होते, भाऊंनी न वाचताच पान देऊन टाकलं.

तरी आशा सुटेना. त्या मुलीची झाली ती तपासणी आपल्या मुलाचीही करा, म्हणून ते पुण्याच्या त्याच डॉक्टरबाईंकडे निघाले. साहेबांना सांभाळायला सोबत हवी होती, म्हणून मीही गेले.

डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. "प्रतिकारशक्ती आणि मेंदू एकमेकांना सारखे निरोप पाठवत असतात. त्या मुलीच्या बाबतीत तिथं बिघाड झाला होता आणि तो आम्हाला थांबवता आला. तुमच्या मुलाचं तसं नाही. त्याचा मेंदू जन्माआधीपासूनच वेगळा घडलाय, त्याच्यावर कुणी हल्ला करत नाहीये. तापात शरीर जे निरोप धाडतं, त्यातल्या कशानं तरी त्याला थोडा वेळ फरक पडत असावा. ते नेमकं काय, हे शोधायचं काम चालू आहे. पण भाऊ, ताप हे औषध नाही. आणि फिट येणाऱ्याला तर तो धोकाच आहे."

निघताना त्यांनी विचारलं, "आईला आजही नाही आणलंत?"

भाऊंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. परतीच्या गाडीत तळेगाव मागे पडलं तेव्हा ते बोलले. फार वर्षांपूर्वी, पहिल्यांदा याच बाईंकडे आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं की हे कशामुळं झालं. बाईंनी पुष्कळ कारणं सांगितली होती. बरंचसं रक्तातून येतं म्हणाल्या, आणि त्यातच एक असंही की बाई गरोदर असताना तिला मोठा संसर्ग झाला, ताप आला, तर कधीकधी धोका किंचित वाढतो. लगेच हेही म्हणाल्या की असा ताप येणाऱ्या बहुतेक बायकांची मुलं अगदी ठणठणीत असतात, यात दोष कुणाचाच नसतो. भाऊंनी नेमकं तेवढं एकच उचललं. बायको पोटुशी असताना माहेरी भातलावणीला गेली होती, चिखलात भिजून तापली होती.

"घरी गेल्या गेल्या म्हनलं तिला, तू ताप आनलास. त्येच्यापुडं भांडान कशाचं का असंना, मिठाचं असंना, माज्या तोंडात त्येच. वर्सानुवर्स म्हनलं, सिस्टर. येक दिस ती पिशवी भरून गेली. काय बोलली न्हाई."

"मग बोलवलं का नाहीत?"

"कंच्या तोंडानं?" मग साहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले ते लोणावळा येईपर्यंत. साहेबांनी तो हात काढला नाही आणि धरलाही नाही.

पुढचा ताप थंडीत आला. माझी सुट्टी होती. दुपारी दारावर टकटक झाली, उघडलं तर भाऊ, दाढी केलेले, पांढरा शर्ट घातलेले. पण या वेळी चेहऱ्यावर नेहमीचा आनंद नव्हता. "तुमी चला खाली. मागल्या बारीवानी भांडान नको. गोळी हातात घेऊन बसा, पर जरा थांबा."

ताप एकशे दोन होता आणि चढत होता. साहेब भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी बापाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शर्ट," ते म्हणाले. भाऊ लहान पोरासारखे हसले. "व्हय, इस्त्री केलाय." मी मनात म्हटलं, आता विचारा, विचारून टाका एकदाचं. भाऊंनी घसा खाकरला. ओठ हलले.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "आई कुटंय?"

भाऊ गडबडले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "आई व्हय? गावाला गेली. भात लावाय."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. "अजून?"

भाऊ उठले. फडताळावरचा फोन घेतला आणि नंबर दाबला. तो त्यांना पाठ होता. इतक्या वर्षांत त्यांनी तो एकदाही लावला नव्हता, हे मला नंतर कळलं.

पलीकडून घाबरलेला आवाज आला, मला लांबूनही ऐकू आला. "काय झालं पोराला?"

"ताप हाय. तुला इचारतोय." एवढंच बोलून त्यांनी फोन मुलाच्या कानाला लावला.

पलीकडून रडण्याचा आवाज आला. साहेब कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. "आई," ते म्हणाले. मग, "भात खातो. तुजा." मग आई पलीकडून बोलत राहिली. मी थर्मामीटर पाहिला, एकशे तीनच्या वर गेला होता, आणि गोळीचं पाकीट फोडलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा वेळ संपत आला होता हे त्यांनाही कळत होतं.

तेव्हा साहेब फोनमध्ये म्हणाले, "आई, बाबा म्हनतो, तुजी चूक न्हाई. दिवा लावला की म्हनतो. रोज म्हनतो. हिची चूक न्हाई सायेबा, माजी हाय."

भाऊंनी फोन मुलाच्या कानापासून हलवला नाही. दिवेलागणीला माझ्या फळ्यांखालून रोज जे यायचं, ते देवाचं नव्हतं. बायकोला जे सांगायची छाती झाली नाही, ते हा माणूस न बोलणाऱ्या, न बघणाऱ्या मुलाला इतकी वर्षं सांगत आला होता. आणि त्यानं ते सगळं ऐकलं होतं. कांदा, मुंबईच्या गाड्या, बाजार समित्या, सगळंच ऐकलं असणार. मला रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही.

भाऊंनी दुसरा हात माझ्याकडे पसरला. "द्या गोळी."

"विचारायचं राहिलं ना?"

"आता काय इचारायचं?" त्यांनी स्वतः गोळी मुलाच्या जिभेवर ठेवली, पेला तोंडाला लावला, ओल्या फडक्यानं कपाळ पुसायला लागले. हळूहळू घाम सुटला. साहेबांचे डोळे बापाच्या चेहऱ्यावरून घसरले आणि भिंतीकडे गेले. हात पुढे झाला. भाऊंनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेलं वर्तमानपत्र काढलं, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. एकही ओळ सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या गाडीतून मावशी उतरल्या. लहानखुऱ्या, रापलेल्या, नऊवारीचा पदर डोक्यावर. साहेब ओटीवर पट्ट्या फाडत होते, त्यांनी मान वर केली नाही. मावशी त्यांच्या शेजारी बसल्या, पडलेल्या पट्ट्या गोळा करून मांडीवर ठेवू लागल्या. मला बघून म्हणाल्या, "सिस्टर तुमीच ना? तुमी ऐकलंत? खरंच बोलला ना?"

"खरंच बोलला, मावशी."

भाऊ चहा घेऊन बाहेर आले आणि दारातच थांबले. मावशींनी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "पोराला रोज सांगत व्हता. मला येकदाबी सांगाय आलं न्हाई?"

"न्हाई आलं," भाऊ म्हणाले.

"मी ऱ्हायाला आले न्हाई, सांगून ठेवते. तितं गुरं हायती, जमीन हाय. आता तितलीच सवय झालीय मला." कप त्यांनी घेतला मात्र. चार दिवस राहिल्या आणि गेल्या. त्यानंतर तांदळाचं पोतं गाडीवाल्यानं एकट्यानं कधी उतरवलं नाही, मावशी त्याच्याबरोबर यायच्या आणि एखाद-दोन दिवस राहून परत जायच्या. बाकीचे दिवस घरात ते दोघंच, एक बोलणारा आणि एक पट्ट्या फाडणारा. दिवा लावल्यावरचं पुटपुटणं बंद झालं होतं. त्या वेळी खाली इतकं सामसूम व्हायचं की मला चुकल्याचुकल्यासारखं वाटे.

मी पुढे ती नोकरी सोडली, गाव सोडलं. भाऊंचा विचार आला की मला त्या फोननंतरच्या आठवड्यातली एक संध्याकाळ आठवते. दवाखान्यात तापाची साथ जोरात होती, दिवसभर पेशंट खोकत होते. मी दमून घरी आले. भाऊ अंगणात उभे होते, जुना खाकी शर्ट, वाढलेली दाढी. खिशाला थर्मामीटर नव्हता. मी सवयीनं कप घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो मागे घेतला, वर बशी झाकली आणि नळाकडे बोट दाखवलं.

"आदी हात धुवा, सिस्टर. आमचं सायेब बसलंय हितं."